एकोणिसाव्या पट्टीपुढे

जेवणानंतर जयसिंगराव शिर्के मागच्या पडवीत बाजेवर आडवे होतात, पण आपण झोपत नाही असं त्यांचं म्हणणं असतं. नुसते डोळे मिटतात, कान जागे असतात. आजही तसंच आहे. शुक्रवारची दुपार, अडीच वाजून गेलेत. समोर बाग चढत वर गेलेली आहे, कारण साताऱ्यातलं हे घर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर आहे आणि मागच्या अंगणात सपाट जागा जेमतेम दोन खोल्यांएवढी. शेजारी कुणीतरी गादी झोडपतंय. तो आवाज लांब जातो, जवळ येतो, पुन्हा लांब जातो.

जयसिंगरावांच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट फिरते आहे. एकोणिसाव्या पट्टीपुढे इंजिन का जात नाही?

ही पट्टी कसली, ते आधी सांगायला हवं. त्यांची बायको प्रमिला साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका टूलरूममध्ये एकतीस वर्षं मिलिंग मशीनवर धातू कापायच्या कामाला होती. निवृत्त झाली आणि तिनं बागेत छोटी आगगाडी सुरू केली. अडीच बोटं रुंदीचे रूळ, वीतभर लांबीचं इंजिन, चार डबे. इंजिन तेवढं तिनं मागवलं होतं, बाकी सगळं हातचं. आधी खालच्या सपाटीवर गाडी गोल फिरायची. मग प्रमिलाच्या मनात आलं की ती वर, पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेली पाहिजे. पण चढ इतका की चाकं जागच्या जागी फिरायची. एकच उपाय दिसत होता. सीताअशोकाच्या बाजूनं थोडी माती काढायची आणि रूळ वळसा घालून न्यायचे, म्हणजे चढ सौम्य झाला असता. दोन गड्यांचं दोन दिवसांचं काम.

जयसिंगराव नाही म्हणाले. ते कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, आणि बाग त्यांची. तो अशोक त्यांनी बियांपासून वाढवला होता, चौदाव्या वर्षी त्याला पहिली फुलं आली होती. "माझ्या झाडाच्या मुळाला हात लावायचा नाही," ते म्हणाले, आणि ज्या आवाजात म्हणाले तो आवाज त्यांनी घरात आधी कधी वापरलेला नव्हता. प्रमिला काही न बोलता आत गेली. तीन दिवसांनी तिनं पितळेच्या सळ्या आणल्या. जुन्या सहकाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये जाऊन, मशीनसमोर उभं राहून, तिनं त्या सळ्यांवर एकेक दात पाडला. अशा दातेरी पट्ट्या दोन रुळांच्या मधोमध बसवायच्या, इंजिनाच्या पोटाखाली बसवलेलं दातेरी चाक त्यांच्यात अडकतं आणि कितीही चढ असला तरी इंजिन पायरी पायरीनं वर जातं. ती त्याला रॅक म्हणायची. हे काम सात महिने चाललं. डॉक्टरांनी तिला फार वेळ उभं राहू नका म्हणून सांगितलेलं होतं.

एकोणीस पट्ट्या तिनं स्वतः बसवल्या. विसावी बसवायच्या आधी, गेल्या नोव्हेंबरात, तिच्या हृदयानं दगा दिला. पाच दिवस दवाखान्यात, आणि संपलं.

तिच्या हत्यारांच्या डब्यात नऊ पट्ट्या उरल्या होत्या. नागपूरहून मुलगी वृंदा म्हणाली, "बाबा, ज्यांना चालवता येते त्यांना देऊन टाका. पडून गंजेल." ते तिला हो म्हणाले. पुण्याच्या हौशी मंडळाचे दोघं येत्या रविवारी टेम्पो घेऊन येणार आहेत. तेवढ्यात एकदा, फक्त एकदा, गाडी टाकीपर्यंत गेलेली बघावी म्हणून जयसिंगरावांनी जन्मात पहिल्यांदा हातात स्क्रू ड्रायव्हर घेतला. आठ दिवस खपून त्यांनी नऊच्या नऊ पट्ट्या बसवल्या. इंजिन तिच्या पट्ट्यांवरून शिवणयंत्रासारखं एकसुरात चढतं, आणि त्यांच्या पहिल्या पट्टीला लागलं की कट्ट करून उडतं. त्या धक्क्यानं डब्याची कडी हुकातून निसटते आणि मागचे डबे घरंगळत खाली, थेट कुंड्यांत.

गादी झोडपण्याचा आवाज थांबतो. त्याच्या जागी दुसराच येतो. खर्र, खर्र, मग एक फुंकर. पुन्हा खर्र, खर्र, फुंकर. कुणीतरी कानस चालवतंय.

जयसिंगराव डोळे उघडतात, किंवा उघडले असं त्यांना वाटतं.

पडवीच्या पायरीवर प्रमिला बसलेली आहे. चष्मा केसांत वर सरकवलेला, मांडीवर जुनं फडकं, हातात काहीतरी पिवळं, आणि ती ते घासते आहे. ऊन तिच्या पाठीवर पडलं आहे. त्यांना भीती वाटत नाही. वाटतं ते नुसतं कुतूहल, एखादं रोप भलत्याच ऋतूत फुललेलं दिसावं तसं. ते आधी तिची सावली बघतात. सावली आहे, पायरीवरून दुमडून खाली अंगणात उतरलेली.

"तू श्वास घेतेस का?" ते विचारतात.

"फुंकर मारायला लागतो तेवढा घेते," प्रमिला वर न बघता म्हणते. "जेवलात?"

"हो. मेथी होती."

"एकट्यासाठी निवडलीत?"

"निवडली. चांगले दोन तास लागले."

तिला ते आवडतं. ती कानस खाली ठेवते, फडक्याला बोटं पुसते आणि उठते. "चला. तुमचं काय अडलंय ते बघू."

ती पडवीतून घरात शिरते आणि जयसिंगराव तिच्या मागे. आत स्वयंपाकघर असायला हवं. पण दारातून आत पाऊल टाकलं की पायाखाली सिमेंटची तेलकट जमीन लागते, आणि समोर ओळीनं मशीनं उभी आहेत. हिरवा रंग, वर लोंबणारे दिवे, पत्र्याचं उंच छप्पर. दुधासारखं पांढरं पाणी कुठल्याशा नळीतून मशीनवर लावलेल्या एका तुकड्यावर पडतंय आणि त्याचा आंबूस वास सगळीकडे भरून राहिला आहे. हा वास त्यांच्या ओळखीचा आहे. एकतीस वर्षं संध्याकाळी तो त्यांच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून घरी यायचा. जागा मात्र त्यांनी कधी पाहिलेली नाही. ते फाटकापर्यंतच यायचे.

"हे तुझं मशीन?" ते विचारतात.

"हे. आधीचं ते तिकडचं, खिडकीजवळचं. नव्वद साली हे आलं." ती मशीनच्या कडेवर हात ठेवते.

"तू मला कधी आत बोलावलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

यात तक्रार नाही. वेळ किती झाला हे सांगावं तसं ती सांगते. जयसिंगराव मशीनभोवती फिरतात. ते एकेक चाक, एकेक दांडा बघतात, आणि वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलासारखे विचारत सुटतात. हे काय, ते कशाला, हा आकडा कसला. ती सगळं सांगते. एक दात पाडला की हे चाक इतकं फिरवायचं, मग दुसरा. चुकलं तर पूर्ण पट्टी फेकायची. त्यांना नवल वाटतं की हे सगळं इतकं रंजक आहे आणि आपण एकतीस वर्षं फाटकाबाहेर शेंगदाणे खात उभे राहिलो.

"इथे उभी राहायचीस?"

"इथेच. ही फळी बघा, लाकडी. सिमेंटवर पाय दुखतात म्हणून घातलेली."

फळीच्या मधोमध दोन पावलांएवढा भाग झिजून गुळगुळीत झालेला आहे. जयसिंगराव त्या दोन पावलांवर आपली पावलं ठेवून बघतात. तिची लहान होती. त्यांच्या टाचा बाहेर राहतात.

त्यांना आता जे विचारायचं आहे ते पाय दुखण्याशीच जोडलेलं आहे. तेवढ्यात प्रमिला शेडचं मागचं दार उघडते आणि म्हणते, "या इकडे. इथं वर या."

बाहेर जंगल आहे.

निदान त्यांना तसं वाटतं. डोक्याच्या वर दोन पुरुष उंचीवर काळ्या चकचकीत देठांचं छत आहे, त्यातून हिरवा उजेड गाळून खाली येतोय. ते वर बघतात, पानांच्या कडेला ओळीनं बसलेल्या तपकिरी घड्या त्यांना दिसतात, आणि ते जागच्या जागी थांबतात.

"हा हंसराज आहे," ते म्हणतात. "प्रमिला, हा आपला हंसराज आहे. टाकीच्या वाटेवरचा, वीतभर नेचा."

"मग? मी तो रोज असाच बघायचे. पोटावर पडून."

पायाखाली रुळांचे आडवे स्लीपर आहेत, दगडी पाट्यांएवढे. दोन्ही बाजूंना रूळ, कमरेएवढे उंच, आणि मधोमध, चढत चढत वर गेलेला, पितळी दातांचा जिना. बाजूच्या ओल्या मातीतून एक गोगलगाय वाट काढते आहे, भरल्या पोत्याएवढी, आणि तिच्या शिंगांच्या टोकावरचे डोळे त्यांच्याकडे वळतात. जयसिंगरावांना थांबून ती नीट बघायची आहे. आयुष्यभर त्यांनी झाडं वरून पाहिली, भिंगातून पाहिली, वहीत दाबून पाहिली. अशी खालून कधी पाहिली नाहीत. ओल्या मातीचा, शेवाळाचा वास इथे किती दाट आहे.

"तुम्हाला इथं सोडलं तर दोन दिवस हलणार नाही तुम्ही," प्रमिला म्हणते.

"दोन दिवस? एकेका पानाला दोन दिवस."

"ते नंतर. आता डोळे मिटा आणि या जिन्यानं वर चढा. मोजत चढा."

ते दातांवर पाय ठेवतात. पितळ उन्हानं कोमट झालेलं आहे. डोळे मिटून चढायला लागल्यावर लक्षात येतं की एकही पायरी कमीजास्त नाही. पाऊल आपोआप जिथं पडायला हवं तिथं पडतं. त्यांना जिन्याचा विचारही करावा लागत नाही. मधून मधून एक फट लागते, पट्टी संपून दुसरी सुरू होते तिथं, पण फट धरूनही पाऊल बरोबर दातावरच येतं. ते मोजणं विसरतात. असं चढत राहावंसं वाटतं.

आणि एकदम त्यांचा पाय अडखळतो. पायरी अपेक्षेपेक्षा आधीच आली. बोटं ठेचकाळतात, तोल जातो, ते पुढच्या दातावर दोन्ही हात टेकून कसेबसे सावरतात.

"कुठं आलात?" मागून तिचा आवाज येतो.

ते डोळे उघडतात. त्यांना न बघताही कळलेलं असतं. "विसाव्या पट्टीवर. माझ्या."

"काय झालं?"

"पायरी तोकडी पडली."

"पायरी तोकडी नाही. दात सगळे एका मापाचे आहेत, मीच पाडलेत. पट्टी कशी लावलीत तुम्ही?"

"आधीच्या पट्टीला चिकटवून. घट्ट. अजिबात फट राहू दिली नाही. म्हटलं, काम नीटनेटकं दिसायला हवं."

प्रमिला हसते. ती खूप कमी हसायची, आणि हसली की हात तोंडावर धरायची. आताही धरते. "अहो, ती फट मी मुद्दाम ठेवलेली आहे. उन्हात पितळ वाढतं. शिवाय त्या फटीचं माप धरूनच दोन्हीकडचे शेवटचे दात कापलेत. फट मिटवली की दोन दात जवळ येतात, आणि चाकाला वाटतं आपण चुकीच्या ठिकाणी आलो. ते वर चढतं."

"मग ती फट मोजायची कशी? तुझ्याकडे कसलं तरी यंत्र असेल."

"छोटा तुकडा कुठाय?"

"कुठला छोटा?"

"हत्यारांच्या डब्यात नववा. सहा दातांचा. बोटाच्या दोन पेरांएवढा."

जयसिंगराव वर बोट दाखवतात. वर कुठंतरी, हंसराजाच्याही पलीकडे, टाकीची काळी भिंत आभाळासारखी उभी आहे. "तो मी शेवटी लावला. मला वाटलं, थोडी जागा उरेल तिथं बसवायला केलेला असेल."

आता ती तोंडावर हात धरायलाही विसरते. हसता हसता रुळाला टेकून खाली बसते. ते तिच्याकडे बघत राहतात. त्यांनाही हसू येतं, थोडं उशिरा, पण येतं.

"तो लावायचा नसतो," ती डोळे पुसत म्हणते. "तो उलटा धरायचा. दातात दात घालून, तीन दात इकडच्या पट्टीत, तीन तिकडच्या. दोन्ही बाजूंना नीट बसला की फट आपोआप बरोबर. मग स्क्रू आवळायचा आणि तुकडा उचलून घ्यायचा. पुढच्या सांध्याला तोच."

"इतकंच?"

"इतकंच. मी अठरा वेळा तुमच्यासमोर केलंय. तुम्ही तिथंच खुरपं घेऊन बसलेला असायचात."

"मी बघितलं नाही."

"नाही बघितलंत. मी पण तुमची कलमं बघत नव्हते की."

रूळ हलायला लागतात. आधी तळव्यांना कळतं, मग कानांना. ते आता एका डब्यात बसलेले आहेत, समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लागतील असे, लाकडी बाकावर. कधी बसले ते त्यांना आठवत नाही. डब्याला दारं नाहीत आणि बाहेरून हंसराजाची पानं आत येऊन त्यांच्या खांद्याला घासून जातात. गाडी चढते आहे. जयसिंगराव वाकून पुढे बघतात, पुढे इंजिन नाही. नुसते रूळ, वर वर जाणारे.

"इंजिन कुठाय?"

"मागं."

"मागं कशाला? मी तर पुढं लावतो. गाडी म्हटलं की इंजिन पुढं."

"सपाटीवर. चढावर इंजिन खालच्या अंगाला लावायचं. त्यानं ओढायचं नाही, ढकलायचं. तुम्ही ओढता, म्हणून सगळा भार त्या एवढ्याशा कडीवर येतो, आणि जरा धक्का बसला की ती हुकातून सुटते. ढकललं तर डबे एकमेकांना टेकून राहतात. एखादी कडी सुटली तरी डबा पळून जात नाही, इंजिनावर टेकतो."

"मग कडी कशाला ठेवायची?"

"वर पोचल्यावर सपाटी आहे ना. तिथून परत निघताना इंजिनाला डबे ओढावेच लागतात. आणि कडी आवळून नाही लावायची. सैल. थोडा प्ले ठेवायचा. डब्यांना वळताना जागा लागते."

ती बाकाखाली हात घालून दोन डब्यांच्या मधली कडी त्यांना दाखवते. हुकात ती नुसती टांगलेली आहे, चालीबरोबर हलते आहे, किणकिण वाजते आहे. जयसिंगराव वाकून बराच वेळ बघतात.

बाहेर उजवीकडे एक भलंमोठं खोड येतं. साल खरबरीत, करडी, तिच्या भेगांतून मुंग्यांची रांग चाललेली. सीताअशोक. मुळं जमिनीवर उपसून आलेली आहेत, भिंतीसारखी जाड, आणि रूळ त्यांच्या कडेकडेनं जातात, एकाही मुळाला न शिवता. वर कुठंतरी केशरी उजेड आहे. फुलं असणार.

"यंदा बहर कसा होता?" प्रमिला विचारते.

"चांगला. फेब्रुवारीतच आला. पार खोडावर फुलं आली."

"मी असते तर एक गुच्छ डब्यात ठेवून फिरवला असता. मालगाडी म्हणून."

आता विचारलं नाही तर राहून जाईल, असं त्यांना वाटतं.

"प्रमिला, मी ती माती काढू दिली असती तर तुला सात महिने उभं राहावं लागलं नसतं."

ती खोडाकडे बघत राहते. गाडी हळूच मुळाच्या कडेनं वळते.

"माझं ऐक," ते म्हणतात. "मी वृंदाला हे बोललेलो नाही. कुणालाच नाही. दोन दिवसांचं काम होतं. एक झाड होतं. मी तुझ्यावर ओरडलो, तू पितळ आणलंस, आणि डॉक्टर सांगत होते तरी..."

"मला रॅक करायचा होता," प्रमिला म्हणते.

"काय?"

"पहिल्यापासून. गाडी घेतली तेव्हापासून. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मापाचे दात पाडले. कशात बसणार, कुठं जाणार, कधी कळलं नाही. मला एकदा माझ्या मापाचे पाडायचे होते. पण नुसतं म्हटलं असतं तर तुम्हीच म्हणाला असतात, एवढा खटाटोप कशाला, बाजूनं माती काढ आणि वळसा घाल. तुम्ही माती काढू दिली असती तर मला रॅक करायला कारण कुठून मिळालं असतं?"

"तू तर त्या दिवशी बोलली नाहीस. आत निघून गेलीस."

"आत जाऊन पितळेच्या दुकानाला फोन केला."

जयसिंगराव तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघतात. ती खोटं बोलते तेव्हा चष्मा पुसते. आता चष्मा केसांतच आहे.

"खरं सांगतेस," ते हळूच विचारतात, "की मी झोपेत माझ्या सोयीचं ऐकतोय?"

"ते तुम्ही ठरवा. प्राध्यापक तुम्ही आहात." मग ती म्हणते, "ओरडलात त्याचा राग आला होता. दोन दिवस. ते पण खरं आहे. तेही घ्या."

त्या दोन दिवसांमुळे त्यांना बाकीचं खरं वाटायला लागतं.

गाडी थांबते. समोर टाकी नाही, घरातली ओट्याची कडा आहे. ते दोघं स्वयंपाकघरात उभे आहेत, आपल्या नेहमीच्या उंचीचे, आणि आधणात आलं पडल्याचा वास येतोय. प्रमिला खिशात हात घालते. साडीवर घातलेला तो जुना निळा अ‍ॅप्रन आहे, कामावरचा. ती एक पितळी तुकडा बाहेर काढते. पायरीवर बसून घासत होती तोच.

"हात पुढं करा. उजवा."

ते हात पुढे करतात. ती तुकडा उलटा करून, दात खाली करून, त्यांच्या तळव्यावर ठेवते आणि अंगठ्यानं दाबते. चांगलंच दाबते, दुखेल इतकं. तिचा अंगठा गरम आहे. त्यांना त्याचं सगळ्यात नवल वाटतं.

"आता मूठ मिटा. हं. लक्षात राहील?"

"तिकडे काय असतं?" ते विचारतात. हे त्यांनी सुरुवातीलाच विचारायला हवं होतं, आणि आता आधण वर येतंय.

"मला अजून पुरतं समजलेलं नाही," प्रमिला म्हणते. तिचा चेहरा मशीनचं नवं पुस्तक वाचताना व्हायचा तसा झालेला असतो. "पण रचना चांगली आहे. बघते आहे."

शेजारी पुन्हा गादी झोडपायला लागतात.

जयसिंगराव बाजेवर आहेत. चार वाजलेत, ऊन पडवीच्या पायरीवरून खाली सरकलंय. वर्तमानपत्र घसरून जमिनीवर पडलेलं आहे. चहाचा वास नाही, स्वयंपाकघर बंद आहे. ते तसेच पडून राहतात. हललं की जे उरलंय ते सांडेल, असं वाटतं.

मग त्यांच्या लक्षात येतं की उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली आहे.

ते ती उघडतात. आत काही नाही. पण तळव्यावर, मधल्या बोटाच्या मुळापासून खाली, एका रेषेत सहा खळगे उमटलेले आहेत. सारख्या अंतरावर, आधी पांढरे, आणि बघता बघता लाल होत जाणारे. ते उठून बाज बघतात. सुती दोऱ्यांची वीण, तिच्या खुणा अशा उठत नाहीत. चष्म्याची दांडी, वर्तमानपत्राची घडी, उशी, सगळं तपासतात. जन्मभर नमुने तपासलेला माणूस, तो कंटाळत नाही. सहा दातांचं काहीही तिथं सापडत नाही.

ते अनवाणीच बाग चढून जातात. आज पाऊल टाकताना हंसराजाकडे आधी बघतात, मग टाकतात. टाकीपाशी खाली बसून शेवटचा तोकडा तुकडा सोडवतात. स्क्रू चार दिवसांपूर्वी त्यांनीच आवळलेला आहे आणि त्यावर बसलेली धूळ जशीच्या तशी आहे. तुकडा तळव्यावर ठेवतात. सहा दात, सहा खळगे. सगळे बसतात.

मग ते एकोणिसाव्या पट्टीशी येतात, पोटावर आडवे पडतात, तुकडा उलटा धरतात. तीन दात तिच्या पट्टीत अलगद उतरतात. उरलेले तीन त्यांच्या पट्टीवर टेकतात आणि आत जात नाहीत. ते विसाव्या पट्टीचे स्क्रू ढिले करतात, बोटानं ती पुढं सरकवतात, नखाएवढी, अजून किंचित, आणि तुकडा एकदम आत बसतो. इतक्या हलक्या आवाजात, की ऐकू आला तो बोटांनाच.

उरलेले सांधे सरकवायला दीड तास लागतो. मग ते इंजिन उचलून डब्यांच्या खालच्या अंगाला लावतात, कड्या हुकांत सैल सोडतात आणि बटण दाबतात. गाडी चढायला लागते. सतरा, अठरा, एकोणीस. विसावी पट्टी कधी आली ते आवाजावरून कळतच नाही. डबे एकमेकांना टेकून, अशोकाच्या मुळाच्या कडेनं, हंसराजाच्या खालून वर जातात आणि टाकीच्या भिंतीपाशी, सपाटीवर जाऊन थांबतात.

संध्याकाळी ते पुण्याला फोन लावतात. "रविवारी या," ते सांगतात. "पण टेम्पो नको. बघायला या. चालते आहे." पलीकडचा माणूस विचारतो, कोणी जमवलं. जयसिंगराव म्हणतात, "बायकोनं."

फोन ठेवून ते दिव्याखाली तळवा धरतात. आतापर्यंत खुणा जायला हव्या होत्या. पाच गेल्यात. एक आहे, तळव्याच्या अगदी मधोमध, जिथं तिनं अंगठा दाबला होता तिथं.